आईच्या पावलाचं माप

६ फेब्रुवारी

ताई,

फोनवर तू ऐकत नाहीस, नुसती बोलतेस. आणि गेली काही वर्षं तर तेही नाही. म्हणून पत्र. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, हा माझा एकुलता एक फायदा आहे आणि तो मी पुरेपूर घेणार आहे.

आई मजेत आहे. हे आधी लिहिते, नाहीतर तू पुढचं न वाचता दुकानाचं शटर ओढून बॅग भरायला धावशील. जेवते, झोपते, मला नावं ठेवते. कंपवाताच्या गोळ्या तू पाठवतेस त्या वेळच्या वेळी घेते. डबीवर तू ठळक अक्षरांत लिहिलेल्या सूचना ती तुझ्या आवाजात वाचून दाखवते. औषधांच्या दुकानात उभं राहून राहून तुझा आवाज कसा झालाय, ते मला त्यामुळे रोज ऐकायला मिळतं.

घरात थोडे बदल केलेत. स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा उंबरा काढून टाकला, झाडायला सोपं पडतं. आईच्या खोलीचं दारही काढलं, हवा खेळती राहावी म्हणून. हे सगळं फूटपट्टीने केलं. फूटपट्टी म्हणजे आमचा नेपथ्यकार, त्याच्याशी बोलताना तो आपलं माप घेतोय असं सारखं वाटतं, म्हणून हे नाव. तू भेटली आहेस त्याला. आमच्या जिन्यावरच्या प्रयोगाला आली होतीस तेव्हा त्याने तुला विचारलं होतं, "तुम्ही कठड्याला हात लावून उतरता की न लावता?" तू म्हणालीस, "मी सरळ घरी जाते." आणि गेलीस. त्यानंतर आपण बोललेलो नाही.

आम्ही नेमकं काय करतो हे लोकांना सांगताना भाऊजींची अजून त्रेधा उडते, असं कानावर आलं. त्यांना सांग, रंगमंच नाही, पडदा नाही. माणसं रोज जिथे वावरतात, म्हणजे जिना, बँकेतली रांग, इस्त्रीचं दुकान, तिथे जाऊन आम्ही त्यांची हालचाल बघतो. मग त्या जागेत एखादीच गोष्ट बदलतो. बाक थोडा तिरका करतो, दिवा खाली आणतो. त्यासरशी माणसं वेगळी चालायला, वळायला, थांबायला लागतात आणि आम्ही त्यांच्यात मिसळून नाचतो. एवढंच. तू याला वेड्यांचे चाळे म्हणाली होतीस. असू देत.

पुढचा प्रयोग घरामागच्या पॅसेजमध्ये करतोय. दोन रस्त्यांच्या मधला तो लांबलचक बोळ. वर पत्रे, एका बाजूला शिंपी आणि चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला चावीवाला आणि झेरॉक्सवाली. लोक तिथून वाट वाचवायला म्हणून घुसतात आणि कुणाच्याही तोंडाकडे न बघता बाहेर पडतात. आई संध्याकाळी तिथपर्यंत फेरी मारते. आमच्या तालमी आपल्या हॉलमध्येच चालतात, त्या ती बघते. तिला आवडतात.

तुझी भिंगरी

ता. क. वरच्या मजल्यावरच्या काकू सांगतील ते सगळं खरं मानू नकोस.


१९ फेब्रुवारी

ताई,

चाकांची खुर्ची पोचली. चिठ्ठीही पोचली. "ते चित्रण पाहिलं. लाज कशी वाटली नाही? पंधरा मार्चला आईला न्यायला येतेय." तीन वाक्यं! माणसाला सोलून काढायला मला अख्खं पान लागतं, तुझं तीन ओळींत भागतं. लहानपणापासूनच तुझा हात धरणारं कुणी नाही.

ठीक आहे, तर त्या चित्रणाबद्दल. तू पाहिलंस ते अर्धंच आहे.

आम्ही हॉलमध्ये संथ चालण्याची तालीम करत होतो. इतकं संथ की बघणाऱ्याला पाय कधी उचलला आणि कधी टेकला ते कळू नये. तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि थांबली. एक टाच वर, चवडा खाली, मान किंचित पुढे. कप किणकिणत होते आणि ती मात्र तसूभर हलत नव्हती. आता आमची मंडळी कशी आहेत ते तुला माहीत नाही. थांबलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हे शिकण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आहेत. सगळे एकेक करून खाली बसले आणि बघत राहिले. एका मुलीने फोन काढला. दुसरीचे डोळे भरून आले. फूटपट्टी माझ्या कानात कुजबुजला, "काय ताबा आहे!"

शेवटी आई ओरडली, "अरे, बघताय काय नुसते? पाय चिकटलाय माझा! कुणीतरी ट्रे धरा की!"

त्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. चित्रणात हे ओरडणं नाही, कारण इंटरनेटवर टाकताना त्या मुलीने नेमकं त्याच्या आधी कापलं. लोकांनी त्याच्याखाली काय काय लिहिलंय ते तू वाचलं असशीलच. मी कुठे होते असं विचारणार असशील तर मी तिथेच होते, ट्रे मीच धरला.

उंबरे त्यासाठी काढले. झाडायला नव्हे. दारही त्यासाठीच. दाराच्या चौकटीत आली की तिचा पाय जमिनीला धरून बसतो. आणि हो, महिन्याभरापूर्वी ती एकदा पडली, कोपर खरचटलं. काकूंनी सांगितलंच असेल, आता माझ्याकडूनही ऐक.

आता मी तुला चांगली बातमी देते. डॉक्टर म्हणाले, अशा माणसांना जमिनीवर आडव्या रेघा दिसल्या की पाय सुटतो. सपाट जमिनीवर जे पाऊल उचलत नाही, ते रेघ ओलांडायला उचलतं. हे ऐकल्यावर फूटपट्टीला गगन ठेंगणं झालं. तो पिवळ्या चिकटपट्टीचं भेंडोळं घेऊन आला आणि अख्ख्या हॉलभर पट्ट्या मारून मोकळा झाला. आईने एक पाय टाकला आणि तिथेच थांबली. म्हणाली, "हे काय शहामृगासाठी केलंयस का?" त्याने आपल्याच ढांगेच्या मापाने मारल्या होत्या! मग आईला ओल्या पायांनी बाथरूममधून बाहेर यायला सांगितलं, फरशीवर उमटलेल्या पावलांची मापं घेतली आणि सगळ्या पट्ट्या काढून पुन्हा लावल्या. ताई, तू असायला हवी होतीस. भांडायला निघाल्यासारखी चालली ती! सरळ खिडकीपर्यंत जाऊन वळली आणि म्हणाली, "मग आता मला घ्या तुमच्या त्या नाचात. मी चहा करायचा आणि तुम्ही टाळ्या वाजवायच्या, हे मला परवडत नाही."

तर प्रयोग असा आहे. सगळ्या पॅसेजभर आईच्या पावलाच्या मापाने पट्ट्या. तिथून जाणारा प्रत्येक माणूस, कितीही घाईत असला, तरी तिच्या चालीत चालणार. आमचे लोक त्यांच्यात मिसळलेले. आणि आई या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणार, एकटी, कुणाचा हात न धरता.

तारीख पंधरा मार्च. मुद्दाम ठेवली. तू न्यायला येच, पण आधी तिला चालताना बघ. नंतर कुठे राहायचं ते ती सांगेल.

तुझी भिंगरी

ता. क. खुर्ची चांगली भक्कम आहे. बाल्कनीत ठेवली आहे. आई तिच्यावर टॉवेल वाळत घालते.


४ मार्च

ताई,

"आई म्हणजे तुझं नेपथ्य नाही." वाक्य चांगलं आहे. दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. मग आईलाच वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नाहीच मुळी, मी मुख्य भूमिकेत आहे." तुला काय उत्तर द्यायचं ते तिनेच दिलं, माझं काम वाचलं.

पॅसेजमध्ये पट्ट्या लागल्या. पहिल्या दिवशी चष्मेवाल्याला वाटलं, नगरपालिकेने रांगेसाठी आखून दिल्या. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला एकेका पट्टीवर उभं करायला लागला. चावीवाला मात्र पहिल्यापासून नाराज आहे. शटर उघडताना पट्टी पायाखाली येते म्हणतो. झेरॉक्सवाली म्हणाली, "मॅडम, तुम्ही काय केलंत हो? लोक दारात थांबून बोलायला लागलेत माझ्याशी. आधी कागद हातात पडला की पाठ दाखवायचे." काल एक सूटबूटवाला फोनवर कुणाला तरी झापत आत शिरला. चौथ्या पाचव्या पट्टीपर्यंत त्याची पावलं आखडली आणि आवाजही खाली आला. बाहेर पडताना त्याने मागे वळून असं बघितलं, जणू कुणीतरी त्याच्या खिशातून काहीतरी काढून घेतलंय.

आई शिंप्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसून हे सगळं बघते. म्हणाली, "अगं, हे सगळे माझ्यासारखे चालतायत." मी विचारलं, कसं वाटतं. तर म्हणाली, "बरं वाटतं. इतके दिवस मीच एकटी अशी होते." मला भरून आलं आणि मी ते लपवलं नाही. शिंपीकाकांनी चिंधी पुढे केली, ती तेलकट होती, पण चालली.

आता तुझा मुद्दा. पडली तर? पडली तर मी उचलेन. तू तिला तुझ्या घरी नेशील, बाई ठेवशील, खुर्चीत बसवशील, खिडकीपाशी नेशील. सगळं प्रेमाने करशील, यात मला काडीइतकी शंका नाही. पण ती एकदा खुर्चीत बसली की पुन्हा उठायची नाही, आणि हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तुझ्या दुकानात रोज अशी माणसं गोळ्या न्यायला येतात, म्हणजे त्यांची मुलं येतात. तुला आई सुखरूप हवी आहे. मला ती चालती हवी आहे. आपण दोघी बरोबर आहोत, पण माझं जास्त बरोबर आहे.

आपल्या भांडणावर आई काय म्हणाली ते सांगू? "लहानपणी खिडकीजवळच्या जागेवरून भांडायचात, आता माझ्यावरून भांडताय. बरं आहे, बढती मिळाली मला."

पंधराला ये. पुढच्या रस्त्याने येऊ नकोस, खोदून ठेवलाय. चष्मेवाल्याच्या बाजूने ये.

तुझी भिंगरी


१७ मार्च

ताई,

तू माझ्याशी एक अक्षर न बोलता परत गेलीस. आईने "मला जरा विचार करू दे" म्हटल्यावर तू तिच्या गालाला हात लावलास, बॅग उचललीस आणि चालू लागलीस. मी तिथेच उभी होते. मला वाटलं होतं, निदान ओरडशील तरी.

तुझ्या डोळ्यांसमोर घडलेलं मी तुलाच का सांगतेय? कारण तू फक्त आईच्या पायांकडे बघत होतीस. बाकीचं तुला दिसलेलं नाही.

गर्दी किती होती ते दिसलं नाही. दुकानांच्या पायऱ्यांवर, शटरच्या कडेला, झेरॉक्सवालीच्या टेबलावरसुद्धा माणसं होती. आई निघाली तेव्हा शिंपीकाकांनी मशीन थांबवली. तिने ती निळी साडी नेसली होती आणि केस मी नाही, तिनेच बांधले होते. ती चालत होती आणि तिच्या आजूबाजूचे सगळे, आमचे आणि परके, तिच्या पावलावर पाऊल टाकत होते. मी दुसऱ्या टोकाला उभी होते आणि मला वाटत होतं की आयुष्यात आणखी काही जमलं नाही तरी चालेल, हे जमलंय.

मग चावीवाल्याच्या दुकानासमोर ती थांबली. तिथली पट्टी निघून गेली होती. सकाळी शटर उचलताना त्यानेच खरवडली, हे मागाहून कळलं. एकाच पट्टीची जागा रिकामी. तिचा पाय उचलेना. टाच वर, चवडा खाली. आणि त्या सगळ्या गर्दीने श्वास रोखला. पुन्हा तेच! कुणी हलेना. त्यांना वाटलं, हाच प्रयोगाचा उत्कर्षबिंदू आहे. मी निघाले, पण मध्ये माणसंच माणसं, आणि मला वाट देण्याऐवजी तेही मला संथपणे सामील करून घ्यायला लागले. मी कोपराने ढकलत होते तर तेही त्यांना नाचातलंच वाटलं.

आणि तू आलीस. खांद्याला पर्स, हातात पाण्याची बाटली. चष्मेवाल्याच्या पायरीवरून उतरलीस, कुणालातरी "सरका" म्हणालीस आणि आईच्या पुढ्यात तुझा पाय आडवा ठेवलास.

"ओलांड," म्हणालीस.

"तुझ्या चपलेला चिखल लागलाय," आई म्हणाली.

"असू दे. ओलांड ना आई."

तिने ओलांडला. तू एक पाऊल मागे गेलीस, पुन्हा पाय आडवा. तिने पुन्हा ओलांडला. हे तू कुठे शिकलीस? दुकानात येणाऱ्या कुणाकडून तरी? की तुझं तुलाच सुचलं? मी इतकी वर्षं माणसांच्या हालचाली बघते आणि मला हे सुचलं नव्हतं.

आता तुला खरंच दिसलं नाही ते सांगते. पुढच्या पट्ट्या जागच्या जागी होत्या. एक रिकामी जागा सोडली तर आईला तुझ्या पायाची गरज नव्हती. पण तू पाय काढला नाहीस. उलटी चालत राहिलीस, डोळे तिच्या पायांवर, आणि तीही तुला थांब म्हणाली नाही. पट्टी ओलांडायच्या ऐवजी ती तुझा पाय ओलांडत राहिली, शेवटपर्यंत. टाळ्या पडल्या तेव्हा तू म्हणालीस, "टाळ्या कसल्या वाजवता? बाजूला व्हा, तिला बसू द्या." त्यावर तर पॅसेज डोक्यावर घेतला लोकांनी.

काल वर्तमानपत्रात परीक्षण आलंय. त्यात माझ्याविषयी दीड ओळ आहे. तुझ्याविषयी एक परिच्छेद. "उलट चालणाऱ्या त्या अनामिक कलावतीचं काम अत्यंत संयत आहे, पर्स आणि बाटली यांचा वापर विशेष." कात्रण सोबत पाठवतेय. भाऊजींना दाखव, आता त्यांची आणखी त्रेधा उडेल.

तुझी भिंगरी


२ एप्रिल

ताई,

तू फोन केलास तेव्हा मी बाथरूममध्ये होते, आणि आई उचलते म्हणाली म्हणून उचलू दिला. तुमचं काय ठरलं ते तिने मला सांगितलं. पण ती तुझ्याकडे यायचं का म्हणतेय ते तुला सांगितलं नसेल, म्हणून हे पत्र. तुला वाटेल तू जिंकलीस. तसं नाही, नीट वाच.

लोकांनी प्रयोग पुन्हा मागितला. पॅसेजवाल्यांनीसुद्धा, चावीवाल्यानेसुद्धा. मग मी म्हटलं, पट्टी एका जागी मुद्दामच नको, तिथे पाय हवा. तुझा भाग मी करेन. यात अवघड ते काय? मी जन्मभर पाय टाकण्याचंच काम केलंय.

तालमीला आई निघाली, रिकाम्या जागेशी आली, मी तिच्यापुढे पाय आडवा ठेवला. ती थांबली आणि बघत राहिली.

"काय झालं? ओलांड ना."

"किती सुंदर ठेवतेस गं पाय," ती म्हणाली. "ओलांडायचं मनच होत नाही. बघतच राहावंसं वाटतं."

मी हसले. पुन्हा ठेवला, जरा वेडावाकडा. ती पुन्हा बघत राहिली. घोटा सैल सोडला, बोटं फाकवली, चपला घातल्या, तुझ्यासारखी पर्ससुद्धा घेतली. फूटपट्टी म्हणाला, "आता तू निष्काळजीपणाचा नाच करतेयस." त्याच्यावर खेकसले. पण खरं होतं ते. तासभर मी माझ्या आईसमोर पाय ठेवत होते आणि माझा एकही पाय तिला ओलांडता आला नाही. तिला राग नव्हता. ती कौतुकानेच बघत होती आणि त्यानेच मी रडकुंडीला आले.

संध्याकाळी ती म्हणाली, "मी थोरलीकडे जाते." मी विचारलं, माझं काय चुकलं. म्हणाली, "काही चुकलं नाही. तू मला चालायला लावलंस, नाहीतर मी त्या खुर्चीतच गेले असते. पण इथे मी अडकले की तुम्हाला सगळ्यांना काहीतरी दिसायला लागतं. तिला काही दिसत नाही, ती सरळ पाय घालते." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "आणि हे बघ, मी भूमिका सोडलेली नाही. प्रयोगाच्या दिवशी मला आणून सोडायचं. तिलाही घेऊन येईन, तिचं आता नाव झालंय."

ताई, मला वाईट वाटतंय. खूप वाटतंय. ती इथेच राहील याची मला इतकी खात्री होती, आणि तिची बॅग आज मीच भरली. पण माझ्या एका म्हणण्यावर मी अजून ठाम आहे. तिला खुर्चीत बसवायचं नाही. खुर्ची मी ठेवून घेतेय, परत मागू नकोस.

रविवारी फूटपट्टी आईला घेऊन येईल. तो तुझ्या घरभर पट्ट्या लावेल, खाटेपासून बाथरूमपर्यंत, तिथून बाल्कनीपर्यंत. तो पट्टीला पट्टी जुळवत सगळा दिवस घालवेल, त्याच्याशी रंगावरून वाद घालू नकोस आणि त्याला वेळेवर जेवायला दे. भाऊजींना सांग, उंबरे काढावे लागतील. माप त्याच्याकडे आहे, पण दर थोड्या दिवसांनी नवीन घ्या. तिचं पाऊल लहान होत जाणार आहे. हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं आणि मी तुला सांगितलं नव्हतं. तेव्हा पट्ट्या काढून जवळ जवळ लावायच्या, तिने पाऊल लांब टाकावं असा हट्ट करायचा नाही.

बाकी रस्ता आहे, तुझं दुकान आहे, समोरची बाग आहे. तिथे पट्ट्या पोचणार नाहीत. तिथे तूच आहेस. तुझं कौतुक पेपरात आलंय, पुढच्या प्रयोगाला लोक तुलाच बघायला येतील, त्यामुळे घरी आरशासमोर सराव करावा असं तुझ्या मनात येईल. मी ओळखते तुला, जे करायचं ते चोख करायचं. तर मोठ्या बहिणीला धाकटीची एवढीच एक ताकीद आहे. पाय साधाच ठेव. सुंदर करायला जाऊ नकोस.

तुझी भिंगरी